बेरीज जुळली, तरी प्रतिक्रिया चुकली

प्रश्न सिंधुदुर्गातल्या डिप्लोमा सिव्हिलच्या एका विद्यार्थिनीचा आहे. थोडक्यात असा: ६ मीटरचा सिंपली सपोर्टेड (दोन्ही टोकांना नुसता टेकलेला) बीम, डावं टोक अ, उजवं टोक ब. अ पासून २ मीटरवर १२ किलोन्यूटनचा पॉइंट लोड. शिवाय उजव्या अर्ध्या भागावर, म्हणजे शेवटच्या ३ मीटरवर, ४ किलोन्यूटन प्रति मीटर यूडीएल, म्हणजे सारखा पसरलेला भार. काढायच्या दोन्ही टेकूंच्या प्रतिक्रिया, म्हणजे कुठल्या टेकूवर किती ओझं येतं ते. तिचं उत्तर आलं अ वर १४ आणि ब वर १०. पुस्तकात मागे दिलंय ११ आणि १३. ती विचारते, "सर, माझी बेरीज २४ येते आणि भारही २४ आहे. अ भोवती मोमेंट घेतले, ब भोवती घेतले, दोन्हीकडून तेच येतं. मग पुस्तकात छपाईची चूक आहे का?"

पुस्तक बरोबर आहे. तुझा एक आकडा चुकलाय. पण "दोन्हीकडून तपासलं तरी जुळतं" हे जे तू लिहिलंयस तेही खोटं नाही, म्हणून एवढं लांबलचक उत्तर लिहायला बसलो. ही चूक मी पोरांच्या वह्यांत पाहिली आहे, तशी चांगल्या पास झालेल्या इंजिनिअरच्या डिझाइन शीटमध्येही पाहिली आहे.

तू अ भोवती मोमेंट (भार गुणिले अंतर) घेतलेस ते असे: १२ × २ = २४, यूडीएलचे १२ × ३ = ३६, एकूण ६०. त्याला ६ ने भागलंस, ब वर १० आले, उरलेले १४ अ वर टाकलेस. यूडीएलचा एकूण भार ४ × ३ = १२, इथपर्यंत ठीक. पण तो भार तू अ पासून ३ मीटरवर, बीमच्या मधोमध नेऊन ठेवलास. यूडीएल जिथे पसरलाय तिथला त्याचा स्वतःचा मध्य घ्यायचा असतो. हा पसरलाय ३ मीटरपासून ६ मीटरपर्यंत, त्याचा मध्य ४.५ मीटरवर. आता १२ × ४.५ = ५४, त्यात २४ मिळवले की ७८, भागिले ६, ब वर १३. अ वर ११.

आता तुझा ब कडचा तपास बघू. १२ × ४ = ४८, १२ × ३ = ३६, एकूण ८४, भागिले ६, अ वर १४. जुळलं. जुळणारच, कारण ब कडून बघतानाही तू तो भार बीमच्या मध्यावरच धरलास. तुझ्या डोक्यात जो बीम आहे त्याच्या प्रतिक्रिया खरोखर १४ आणि १० आहेत. फक्त तो पुस्तकातला बीम नाही. दोन्ही बाजूंनी मोमेंट घेऊन तपासल्यावर गुणाकार-भागाकारातली चूक सापडते, चिन्हाची चूक सापडते. भार चुकीच्या जागी ठेवला असेल तर तो दोन्हीकडून सारखाच चुकीचा दिसतो आणि उत्तर गोंडस जुळतं.

ही चूक पकडायची जागा आकडेमोडीच्या आधी आहे. मी नवखा असताना कुडाळच्या बाजूला एका साइटवर एक म्हातारे गवंडी होते. ड्रॉइंग त्यांच्यापुढे उलगडलं की ते बीमची साइज, सळ्या काही विचारायचे नाहीत. पहिला प्रश्न ठरलेला: "सायबा, वजन खंयच्या बाजूक जास्त ता आदी सांगा." त्यांना ते कळायला हवं असायचं, कारण जड बाजूच्या टेकूखाली ते निवडून चांगला, कडक चिरा (जांभ्याचा दगड) घालायचे. मी तेव्हा वही काढून गणित करायला लागायचो आणि ते तोवर ड्रॉइंगवर बोट ठेवून स्वतःच सांगून मोकळे व्हायचे. बहुतेक वेळा बरोबर.

ते काय करायचे ते नंतर समजलं. रस्ता न पोचलेल्या वाडीतून आजारी माणसाला डोलीतून आणताना तू पाहिलं असशील, निदान ऐकलं तरी असशील. लांब बांबू, त्याला बांधलेली चादर, पुढे एक गडी आणि मागे एक. आजाऱ्याचं धड ज्या बाजूला, तिकडच्या गड्याचा खांदा आधी भरून येतो. पायांकडचा मजेत चालतो. बांबू म्हणजे बीम, दोन खांदे म्हणजे दोन टेकू, आणि खांद्यावर जे जाणवतं ती प्रतिक्रिया. भार ज्या टोकाजवळ, त्या टोकाला वाटा मोठा. किती मोठा, तर समोरच्या टोकापासून भार जितका लांब त्या प्रमाणात.

तुझं गणित असं कर. १२ चा पॉइंट लोड अ पासून २, ब पासून ४ मीटरवर आहे. अ चा वाटा १२ × ४ ÷ ६ = ८, ब चा ४. यूडीएलचा १२ चा भार अ पासून ४.५, ब पासून १.५ वर आहे. अ चा वाटा १२ × १.५ ÷ ६ = ३, ब चा ९. अ वर ८ + ३ = ११, ब वर ४ + ९ = १३. मोमेंटचंच समीकरण आहे हे, दुसरं काही नाही. पण प्रत्येक भाराचा वाटा वेगळा दिसतो, त्यामुळे चूक लपत नाही. तुझ्या पद्धतीने यूडीएलचे वाटे ६ आणि ६ येतात. सगळा भार उजव्या अर्ध्या भागात असताना डाव्या टोकाला निम्मा वाटा कसा जाईल? डोलीतला माणूस सगळा मागच्या गड्याकडे सरकलाय आणि पुढचा म्हणतोय मलाही तेवढंच ओझं, असं झालं ते.

आकडा लिहायच्या आधीचा अंदाजही इथेच करता येतो. दोन्ही भार १२-१२ चे. एक डाव्या टोकापासून २ मीटरवर, दुसरा उजव्या टोकापासून दीड मीटरवर. उजवीकडचा आपल्या टोकाला जास्त चिकटलाय, म्हणजे ब जड. तुझ्या उत्तरात अ जड होता. तिथेच थांबायला हवं होतं.

तीन समीकरणं तुला पाठ असतील: आडव्या बलांची बेरीज शून्य, उभ्या बलांची शून्य, कुठल्याही बिंदूभोवती मोमेंटची बेरीज शून्य. सिंपली सपोर्टेड बीमला एका टोकाला हिंज (फिरू देणारा, पण सरकू न देणारा टेकू) आणि दुसऱ्याला रोलर (सरकूही देणारा) धरतात. हिंजवर दोन अज्ञात, रोलरवर एक, एकूण तीन. तीन समीकरणांत तीन अज्ञात सुटतात, म्हणून हा बीम स्टॅटिकली डिटरमिनेट. मोमेंट टेकूभोवतीच का घ्यायचे, तर त्या टेकूची प्रतिक्रिया त्याच बिंदूतून जाते, तिचा मोमेंट शून्य होतो, आणि समीकरणात एकच अज्ञात उरतो. मधल्या भलत्याच बिंदूभोवती घेतलेस तरी चालेल, पण विनाकारण दोन अज्ञात घेऊन बसशील. आणखी एक सवय लाव. दुसरी प्रतिक्रिया वजाबाकीने काढू नकोस. दोन्ही टेकूंभोवती मोमेंट घेऊन दोन्ही स्वतंत्र काढ आणि मग बेरीज तपास. वजाबाकीने काढलेली प्रतिक्रिया बेरजेने तपासणं म्हणजे स्वतःच लिहिलेल्या पावतीवर स्वतःच सही करणं.

भार पसरलेला असला की त्याचा मध्य कुठे, हा प्रश्न फक्त यूडीएलपुरता नसतो. कौलारू घराच्या शेवटच्या भिंतीचा वरचा त्रिकोण डोळ्यांसमोर आण. त्या त्रिकोणाच्या अर्ध्या भागाखाली एखादा बीम असला तर त्यावरचा भार एका टोकाला शून्य आणि आढ्याकडच्या टोकाला जास्तीत जास्त असतो. समजा ३ मीटरच्या बीमवर तो शून्यापासून ६ किलोन्यूटन प्रति मीटरपर्यंत वाढतोय. एकूण भार त्रिकोणाचं क्षेत्रफळ, ३ × ६ ÷ २ = ९ किलोन्यूटन. तो जड टोकापासून एक तृतीयांशावर, म्हणजे १ मीटरवर धरायचा. जड टोकाला ६, हलक्या टोकाला ३. एक-दोनचं हे प्रमाण लक्षात राहिलं की पुन्हा मोमेंट घ्यायची गरज पडत नाही.

आता साइटवर या. "रोलर" नावाची वस्तू तुला घराच्या बांधकामात कुठेच सापडणार नाही. बीम चिऱ्याच्या भिंतीवर नुसता टेकलेला असतो, तोच आपला सिंपल सपोर्ट. टेकलेला म्हणजे त्याला टोकाला किंचित फिरायची आणि लांबीत किंचित सरकायची मुभा आहे, असं आपण धरून चालतो. ही मुभा प्रत्यक्षात दिली नाही तर काय होतं ते लोखंडी गर्डरच्या साकवावर (छोट्या पुलावर) दिसतं. वहाळावर १२ मीटरचा गर्डर आहे आणि दोन्ही टोकं हौसेने काँक्रीटमध्ये पक्की जाम केलीत असं समज. पोलाद दर अंश सेल्सिअसला मीटरमागे १२ मायक्रोमीटर वाढतं. पहाटेचा थंडावा आणि दुपारच्या उन्हात तापलेलं लोखंड यांत ३० अंशांचा फरक धरला तर १२ × १२ × ३० = ४३२० मायक्रोमीटर, म्हणजे चार मिलिमीटरच्या वर. ऐकायला काही नाही. पण तेवढं सरकायला जागा नसली की गर्डर काठावरच्या चिऱ्याच्या आधारभिंतीला ढकलतो, आणि त्या भिंतीच्या सांध्यांत भेगा पडायला लागतात. लोक म्हणतात पाया खचला. पाया कुठे खचलेला नसतो. एक टोक सरकतं ठेवलं असतं तर प्रश्नच नव्हता. हिंज-रोलरचं ते चित्र परीक्षेपुरतं काढलेलं नाही, ते यासाठी आहे.

टेकूखालचा चिरा हा स्वतंत्र विषय आहे आणि आमच्या भागात सगळ्यात जास्त दुर्लक्ष त्याच्याकडेच होतं. एक उदाहरण देतो, कारण प्रतिक्रिया काढून नेमकं करायचं काय हे पुस्तकात सांगत नाहीत. एका घरात ५ मीटरचा बीम, त्यावर स्लॅब आणि स्वतःचं वजन मिळून १० किलोन्यूटन प्रति मीटर. एकूण ५०, दोन्ही टोकांना २५-२५. मालक म्हणाले, वर एक छोटी खोली काढू, बीमच्या डाव्या २ मीटरवर चिऱ्याची भिंत येईल. जांभ्याचं वजन घनमीटरला साधारण २० ते २३ किलोन्यूटन धरतात. नऊ इंच जाड, पावणेतीन मीटर उंच भिंत म्हणजे मीटरला सुमारे १४ किलोन्यूटन. दोन मीटरचे २८ किलोन्यूटन, पावणेतीन टनांहून थोडं जास्तच. ते डाव्या टोकापासून १ मीटरवर. डावीकडे २८ × ४ ÷ ५ = २२.४, उजवीकडे ५.६. म्हणजे डावं टोक २५ वरून ४७.४ वर गेलं, उजवं ३०.६ वर. मालक मला विचारत होते की बीम पेलेल का. बीमचं पुढे बघू, आधी डावीकडच्या चिऱ्याला विचारा म्हटलं. बीम भिंतीत २३० बाय २३० मिलिमीटर जागेवर टेकला होता. ४७,४०० न्यूटन भागिले ५२,९०० चौरस मिलिमीटर, ०.९ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. सुटा चिरा याहून जास्त दाब सोसतो, पण भिंत सुट्या चिऱ्याएवढी बळकट कधीच नसते, मसाल्याचे सांधे तिला कमजोर करतात. जुन्या चिऱ्याच्या भिंतीला मी स्वतः ०.४ च्या पुढे जाऊ देत नाही. मग बीमखाली ६०० मिलिमीटर लांबीचा काँक्रीटचा बेडब्लॉक (भार पसरवणारा ठोकळा) घातला, दाब ०.३४ वर आला. उजव्या टोकाखाली तेवढा लांब लागला नाही. कुठलं टोक जड हे आधी कळलं नसतं तर दोन्हीकडे सारखाच ब्लॉक टाकला असता, किंवा, जास्त करून होतं ते म्हणजे, कुठेच टाकला नसता.

बाहेर आलेल्या बीमचं, म्हणजे ओव्हरहँगचं प्रकरण याहून मजेशीर. मालवणच्या बाजूला एका खाजगी शेडमध्ये होडीचं इंजिन उचलायला लोखंडी बीम बसवला होता. एकूण ६ मीटर लांब, मागचा टेकू अ टोकालाच, पुढचा ब तिथून ४ मीटरवर, आणि पुढचे २ मीटर पाण्यावर बाहेर. टोकाला चेनकुप्पी, म्हणजे साखळीने वजन उचलायची कप्पी. मला बोलावलं ते बीम वाकेल का एवढं बघायला. मी पोचायच्या आधीच त्यांनी इंजिन उचलून बघितलं होतं, आणि मागून एकजण ओरडला होता, "मागचा टोक वर येता हा!" मग दोघे गडी मागच्या टोकावर बसले आणि इंजिन आत घेतलं.

गणित सरळ आहे. बीमचं वजन मीटरला पाव किलोन्यूटन, ६ मीटरचं १.५, त्याचा मध्य अ पासून ३ मीटरवर. इंजिन आणि चेनकुप्पी मिळून ८ किलोन्यूटन, अ पासून ६ मीटरवर. अ भोवती १.५ × ३ = ४.५, ८ × ६ = ४८, एकूण ५२.५. भागिले ४, टेकूंमधलं अंतर ४ आहे, ६ नव्हे, इथे पोरं हमखास घसरतात. ब वर १३.१२५. एकूण भार मात्र ९.५. म्हणजे अ वर ९.५ वजा १३.१२५, उणे ३.६२५. उणे आलं की पोरं खोडतात आणि पुन्हा करतात. खोडू नकोस. उणे म्हणजे त्या टोकाला बीम खाली दाबत नाही, वर उचलला जातोय, आणि त्याला कोणीतरी खाली धरून ठेवायला हवं. किती, तर साधारण ३७० किलोने. ब भोवती तपास: बाहेर ८ × २ = १६, आत बीमच्या वजनाचे १.५ × १ = १.५, फरक १४.५, भागिले ४, ३.६२५. जुळलं. पुढचा टेकू मात्र भारापेक्षा जास्त ओझं झेलतोय, १३ च्या वर. त्यांनी मागच्या टोकावर आठेक चिरे रचून ठेवले होते. एक चिरा धरू पंचवीस-तीस किलोचा, सगळे मिळून सव्वादोनशे किलोच्या आसपास. उरलेलं त्या दोन गड्यांनी बसून भरून काढलं, तेही कसंबसं. आणि चेन हिसका देऊन ओढली की ८ चे ८ राहत नाहीत. नंतर तिथे खालच्या काँक्रीटमध्ये अँकर बोल्ट मारून पट्टीने टोक बांधलं. चिरे अजून तिथेच आहेत, बसायला बरे पडतात.

हाच उणे आकडा छपरात वाऱ्याने येतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धन, दापोली, मंडणगड भागात पत्र्याची छपरं पानासारखी उडाली. पत्र्याच्या छपराचा राफ्टर (तिरका वासा) हाही सिंपली सपोर्टेड बीमच. ४ मीटर स्पॅन, राफ्टर २ मीटर अंतरावर. पत्रा आणि त्याखालच्या आडव्या पट्ट्यांचं, म्हणजे पर्लिनचं, वजन चौरस मीटरला ०.२ किलोन्यूटन धरलं तर राफ्टरवर मीटरला ०.४ खाली. वाऱ्याने वर ओढलं समजा चौरस मीटरला १ किलोन्यूटन, म्हणजे राफ्टरवर मीटरला २ वर. निव्वळ १.६ वर, ४ मीटरला ६.४, प्रत्येक टोकाला ३.२ किलोन्यूटन वरच्या दिशेने. वजनासाठी डिझाइन केलेल्या टोकावर बीम नुसता टेकवून चालतो. वाऱ्यासाठी तेच टोक बोल्टने बांधावं लागतं. दोन्ही वेळा प्रतिक्रिया काढायची पद्धत तीच, फक्त बाण उलटा. कौलं जड असल्याने त्यांच्यात हा प्रकार तुलनेने उशिरा येतो, पत्र्यात लगेच.

साकवाचा आणखी एक मुद्दा, जो तुझ्या अभ्यासक्रमात पुढे इन्फ्लुअन्स लाइन म्हणून येईल. भार एका जागी न राहता चालत जातो. ६ मीटरच्या साकवावरून २ किलोन्यूटनची मोटारसायकल अ कडून ब कडे निघाली. अ वर असताना अ ची प्रतिक्रिया पूर्ण २, मध्यावर १, ब वर पोचली की शून्य. सरळ रेषेत उतरत जाते. म्हणजे बीम सगळ्यात जास्त वाकतो भार मध्यावर असताना, पण टेकूवर सगळ्यात जास्त ओझं येतं भार टेकूपाशी असताना. आणि वहाळाच्या काठाला पावसाळ्यात पाणी नेमका तोच टेकू खालून पोखरत असतं. म्हणून साकव बघायला गेलो की मी आधी खाली उतरून दोन्ही आधारभिंतींचे पाय बघतो, फळ्यांवरून चालणं नंतर.

कपलचं, म्हणजे बीमला नुसतं फिरवू पाहणाऱ्या बलांच्या जोडीचं, थोडक्यात सांगतो. बीमवर नुसता कपल असेल, समजा ६ मीटरच्या बीमवर १२ किलोन्यूटन-मीटर, घड्याळाच्या दिशेने, तर ब ची प्रतिक्रिया २ वरच्या दिशेने आणि अ ची २ खालच्या दिशेने. तो कपल बीमवर कुठेही असला तरी हेच. तिरका भार असेल तर आधी त्याचे उभा आणि आडवा असे दोन भाग कर. बीमशी ३० अंशांत असलेल्या १० किलोन्यूटनचे उभे ५, आडवे ८.६६. आडवा भाग सगळा हिंजला जातो. रोलर आडवं काही घेत नाही.

सलग जाणाऱ्या, तीन-चार टेकूंवरच्या बीमला हे सगळं लागू करायला जाऊ नकोस. रत्नागिरीजवळचा कोकण रेल्वेचा पानवल नदीवरचा पूल, सुमारे ६४ मीटर उंच, काठावरून गर्डर पुढे ढकलत नेऊन बांधला. तसा गर्डर खांबांवर सलग असतो. तिथे अज्ञात जास्त, समीकरणं तीनच, आणि कुठल्या खांबावर किती हे गर्डर किती वाकतो त्यावर ठरतं. पण तिथेही खांबांच्या सगळ्या प्रतिक्रियांची बेरीज एकूण भाराएवढीच यायला हवी, तेवढं तुझं कायम राहतं.

तू खाली विचारलंयस की नोकरीत हे सगळं स्टॅड या सॉफ्टवेअरवर होतं, मग हाताने कशाला. परवाचीच गोष्ट. एका तरुण इंजिनिअरने दोन मजल्यांचं मॉडेल आणलं. सॉफ्टवेअर म्हणत होतं एकूण भार आणि एकूण प्रतिक्रिया तंतोतंत समान. तो खूश होता. भिंतीचा भार त्याने चुकून शेजारच्या बीमवर टाकला होता. एकूण भार तोच, त्यामुळे बेरीज जुळणारच होती, अगदी तुझ्या २४ सारखी. मी फक्त एका कॉलमचा आकडा बघून विचारलं, या कोपऱ्यावर वरून काहीच नाही, मग हा शेजारच्यापेक्षा जड कसा? पाच मिनिटांत चूक सापडली.

आता हे करून बघ. अ आणि ब मधलं अंतर ८ मीटर, ब च्या पुढे २ मीटर ओव्हरहँग. अ पासून ३ मीटरवर १० किलोन्यूटन. डाव्या ४ मीटरवर ६ किलोन्यूटन प्रति मीटर. ओव्हरहँगच्या टोकाला ५ किलोन्यूटन. पेन उचलायच्या आधी कुठलं टोक जड ते वहीच्या कोपऱ्यात लिही. उत्तर अ वर २३, ब वर १६ यायला हवं. मग टोकाचे ते ५ किलोन्यूटन काढून टाक आणि पुन्हा कर. भार कमी झालाय, तरी अ वरचा आकडा २४.२५ होतो. का होतो ते मला कळव.